रिकामा रकाना : चार्ल्स इंगल्सच्या घराण्याचा शोध

१८७० सालच्या अमेरिकन खानेसुमारीचे तक्ते आज छायाचित्रांच्या रूपात कोणालाही घरबसल्या पाहता येतात. कॅन्सस राज्याच्या माँटगोमेरी काउंटीत रटलँड नावाचा एक विभाग आहे. त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात तिथल्या मोजणीदाराने एका कुटुंबाची नोंद केली : नवरा, बायको, दोन लहान मुली आणि काही दिवसांपूर्वीच जन्मलेली तिसरी. आडनाव कसेबसे लिहिलेले आहे. वयाचे आणि जन्मस्थानाचे रकाने भरलेले आहेत. स्थावर मालमत्तेच्या किमतीचा रकाना मात्र रिकामा आहे. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नावांपुढेही तो रिकामाच आहे आणि मोजणीदाराने त्याचे कारण लिहून ठेवले आहे : ही जमीन ओसेज इंडियनांची असून वसाहतकारांचा तिच्यावर मालकी हक्क नाही.

या कुटुंबाचा प्रमुख म्हणजे चार्ल्स फिलिप इंगल्स. त्याची दुसरी मुलगी लॉरा इंगल्स वाइल्डर हिने १९३२ ते १९४३ या काळात आठ पुस्तके लिहिली आणि आपल्या बापाला जगभरच्या वाचकांचा ‘पा’ करून टाकले. सारंगी वाजवणारा, लाकडी घर स्वतःच्या हातांनी उभारणारा, पश्चिमेकडे डोळे लावून बसलेला, कोणापुढे हात न पसरणारा पा. पुढे दूरदर्शन मालिकेमुळे तो आणखी दूरवर पोचला. अमेरिकन ‘पायोनियर’ कसा होता, असे विचारले तर निम्मे जग त्याच्याकडेच बोट दाखवील.

मुलीने सांगितलेली कहाणी एकीकडे आणि सरकारी कचेऱ्यांत पडून राहिलेले कागद दुसरीकडे, असे ठेवून चार्ल्सच्या घराण्याचा माग काढला तर काय दिसते, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे. कहाणी खोटी ठरवणे हा त्याचा हेतू नाही. कहाणी एका एकट्या कुटुंबाची आहे. कागदांत मात्र त्या कुटुंबाभोवती आणखी तिघे उभे दिसतात : सोयरेधायरे, सरकार, आणि ज्यांची जमीन होती ते लोक. वंशावळ काढायची तर या तिघांना वगळून ती पुरी होत नाही.

लिंकनशायरहून विस्कॉन्सिनकडे

इंगल्स घराण्याचा अमेरिकेतला मूळ पुरुष एडमंड इंगल्स. इंग्लंडमधील लिंकनशायरच्या स्कर्बेक गावचा हा माणूस १६२८-२९ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याला लागला आणि लिन येथे स्थायिक झाला. १६४८ मध्ये सॉगस नदीवरचा पूल ओलांडताना तो घोड्यासह नदीत पडून बुडाला. त्याची मुलगी फेथ हिची मुलगी मार्था कॅरियर. सेलमच्या कुप्रसिद्ध चेटूक-खटल्यांत १९ ऑगस्ट १६९२ रोजी जी माणसे फाशी गेली त्यांत ही मार्था होती. तिच्याविरुद्ध साक्ष देण्यासाठी तिच्याच पोटच्या मुलांचा वापर झाला होता.

या घराण्याची वंशावळ चार्ल्स बर्ली या संशोधकाने १९०३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. तिची पाने उलटताना घराणे दर पिढीला थोडे थोडे सरकत गेलेले दिसते. न्यू इंग्लंडमधली जमीन मुलामुलांत वाटली जाते, अपुरी पडते आणि धाकटे नवी जमीन शोधत पुढे जातात. चार्ल्सचा आजोबा सॅम्युएल कविता करत असे आणि स्वतःला ‘अशिक्षित कवी’ म्हणवून घेत त्याने त्या छापल्याही. त्याची बायको मार्गारेट ही डेलानो घराण्यातली. १६२१ मध्ये ‘फॉर्च्यून’ जहाजाने प्लिमथला आलेला फिलिप द ला नॉय हा त्या घराण्याचा मूळ पुरुष. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन डेलानो रूझवेल्ट आईकडून त्याच्याच वंशातले. ही नातेवाईकी ध्यानात ठेवावी, तिचे काम पुढे पडणार आहे.

चार्ल्सचा बाप लान्सफर्ड कॅनडात जन्मला, न्यूयॉर्क राज्यात वाढला. चार्ल्सचा जन्म १० जानेवारी १८३६ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या क्यूबा या गावचा. तो लहान असतानाच कुटुंब इलिनॉयच्या माळरानावर गेले आणि १८५० च्या दशकात विस्कॉन्सिनच्या जेफरसन काउंटीत कॉन्कर्ड येथे आले. तिथे लान्सफर्डने शेत गहाण ठेवले. कर्ज फिटले नाही आणि जमीन गेली. तेव्हा चार्ल्स पंचविशीत होता. जमीन हातात येते आणि कर्जापायी हातातून जाते, हा धडा त्याला बापाकडूनच मिळाला. पुढे आयुष्यभर तो तेच गिरवत राहिला.

साटेलोटे

कॉन्कर्डलाच नदीपलीकडे क्वाइनर कुटुंब राहत असे. घरचा कर्ता हेन्री क्वाइनर १८४५ च्या सुमारास लेक मिशिगनमध्ये जहाज बुडून मेला, तेव्हा त्याची मुलगी कॅरोलाइन जेमतेम पाच वर्षांची होती. विधवेने मुलांना घेऊन कॉन्कर्डला जमीन धरली. १ फेब्रुवारी १८६० रोजी चार्ल्स आणि कॅरोलाइन यांचे लग्न झाले.

हे एकच लग्न पाहून थांबणारा वंशावळकार मुख्य गोष्टीला मुकतो. चार्ल्सची बहीण पॉली हिने कॅरोलाइनचा भाऊ हेन्री याच्याशी लग्न केले होते. चार्ल्सचा थोरला भाऊ पीटर याने कॅरोलाइनची बहीण एलायझा हिच्याशी केले. दोन घराण्यांत मिळून दोन-तीन वर्षांत तीन लग्ने. आपल्याकडे याला साटेलोटे म्हणतात.

लॉराच्या पुस्तकांत हे सगळे ‘अंकल’ आणि ‘आंट’ म्हणून येतात, आणि वाचकाला ती सणासुदीला येणारी पाहुणेमंडळी वाटते. मराठीत ही नाती सांगायची झाली तर असे मोघम बोलून चालतच नाही. अंकल हेन्री म्हणजे मामा, आणि त्याची बायको पॉली मामी असूनही आधी आत्या. अंकल पीटर म्हणजे काका, आणि त्याची बायको एलायझा काकू असूनही आधी मावशी. त्यांची मुले ही इंगल्स मुलींची दोन्हीकडून भावंडे. नाते नेमके सांगायला बसलो की आपोआप कळते, की हे एकट्याने रानात गेलेले कुटुंब नव्हते. तो एका भावकीचा आणि सोयरिकीचा गोतावळा होता आणि तो गोतावळाच पुढे पुढे सरकत होता.

दस्त हेच सांगतात. २२ सप्टेंबर १८६३ रोजी विस्कॉन्सिनमधल्या पेपिन गावाजवळची १६० एकर जमीन ३३५ डॉलरला घेतली गेली, ती चार्ल्स आणि हेन्री क्वाइनर अशा दोघांनी मिळून. मेव्हण्या-मेव्हण्यांनी ती निम्मी निम्मी वाटून घेतली. पीटरचे कुटुंबही जवळच होते. याच जमिनीवरच्या घरात १८६५ मध्ये मेरी आणि ७ फेब्रुवारी १८६७ रोजी लॉरा जन्मली. पुस्तकातले ‘मोठ्या अरण्यातले एकाकी घर’ ते हेच. त्या अरण्यात मामा शेजारी राहत होता.

१८६८ मध्ये चार्ल्सने पेपिनची जमीन गुस्ताफ गुस्ताफसन नावाच्या माणसाला हप्त्यांनी विकली. त्याच वर्षी त्याने आणि हेन्रीने मिसुरी राज्यातल्या शॅरिटन काउंटीत जमीन उधारीवर घेतली. या मिसुरी प्रकरणाचा पुस्तकांत पत्ताच नाही. पुस्तकात गाडी विस्कॉन्सिनहून निघते ती थेट कॅन्ससला पोचते.

रटलँडची जमीन

आता सुरुवातीच्या त्या तक्त्याकडे येऊ.

१८६९ च्या शरद ऋतूत चार्ल्स माँटगोमेरी काउंटीत आला तेव्हा ती जमीन ओसेज लोकांची राखीव जमीन होती. १८६५ च्या तहाने त्यांची पूर्वीची भूमी कापून कापून हा पट्टा उरला होता. १८६८ मध्ये आणखी एक तह मांडला गेला. सुमारे ८० लाख एकर जमीन एका रेल्वे कंपनीला एकरी २० सेंटांच्या आसपास देऊन टाकायचा त्याचा बेत होता. सिनेटने त्याला मंजुरी दिली नाही आणि अध्यक्ष ग्रँट यांनी तो मागे घेतला. पण जमीन आज ना उद्या खुली होणार अशी हवा झाली आणि वसाहतकारांची रीघ लागली. कायद्याने तिथे घर बांधायला मनाई होती. सरकारने नेमलेले अधिकारी आयझॅक गिब्सन हे क्वेकर पंथाचे गृहस्थ वरिष्ठांना कळवत राहिले, की वसाहतकार ओसेज लोकांची घरे बळकावत आहेत, त्यांचे घोडे आणि धान्य चोरत आहेत.

१५ जुलै १८७० रोजी अमेरिकन काँग्रेसने कायदा केला : ओसेजांनी जमीन सोडावी, वसाहतकारांना ती एकरी सव्वा डॉलरने, म्हणजे १६० एकरांना २०० डॉलर अशी विकावी आणि त्या पैशातून ओसेजांना दक्षिणेला, इंडियन टेरिटरीत नवी जमीन घेऊन द्यावी. चार्ल्सची नोंद झाली ती त्यानंतर महिन्याभरात. ओसेजांनी ड्रम क्रीक येथे हे मान्य केले ते सप्टेंबरात. म्हणजे मोजणीदार दारात उभा होता तेव्हा ती जमीन अजून ओसेजांचीच होती. त्याने रकाना रिकामा सोडला, हे त्याचे काम त्याने चोख बजावले.

याच तक्त्याने आणखी काही कोडी सोडवली. पुस्तकात कॅन्ससला जाताना लॉरा समजत्या वयाची आहे आणि धाकटी कॅरी तान्ही म्हणून बरोबर आहे. प्रत्यक्षात कॅरी ३ ऑगस्ट १८७० रोजी तिथेच जन्मली. घरच्या बायबलमध्ये तिच्या जन्मस्थानाची ‘माँटगोमेरी काउंटी’ अशी नोंद आहे. लॉरा तेव्हा साडेतीन वर्षांची. तिथले जे काही तिने लिहिले ते आईबापांच्या तोंडून ऐकलेले. पुस्तकात घर इंडिपेन्डन्स गावापासून ४० मैलांवर असल्याचे सांगितले आहे. त्या हिशेबाने जागा ओक्लाहोमात पडते. १९३३ मध्ये लॉरा आणि तिची मुलगी रोझ मोटारीने तिकडे शोधायला गेल्या आणि हात हलवत परत आल्या. पुढे स्थानिक संशोधकांनी साधी युक्ती केली. मोजणीदार घरोघर ज्या क्रमाने फिरला तो क्रम तक्त्यात आहे. ज्या शेजाऱ्यांनी नंतर जमिनी विकत घेतल्या त्यांचे गट दप्तरात आहेत. ते गट नकाशावर मांडत गेले, आणि मध्ये जो तुकडा उरला तो इंगल्सचा. इंडिपेन्डन्सपासून १३ मैलांच्या आसपास. तापाने फणफणलेल्या कुटुंबाला वाचवणारा कृष्णवर्णीय डॉक्टर पुस्तकात येतो, तोही याच तक्त्यात सापडतो : जॉर्ज टॅन. त्याची कबर इंडिपेन्डन्सच्या दफनभूमीत आहे.

मग चार्ल्सने कॅन्सस का सोडले? पुस्तकात सैनिक हुसकावून लावणार म्हणून पा रागाने, वेळ न दवडता गाडी जुंपतो. प्रत्यक्षात १८७१ मध्ये, जमीन विकत घेण्याची वाट खुली झालेली असताना, तो परत गेला. पेपिनची जमीन घेणाऱ्या गुस्ताफसनकडून हप्ते येईनासे झाले होते, त्यामुळे ती जमीन परत घ्यावी लागली. मुलीने १९३० मध्ये लिहिलेल्या मूळ आठवणींत हे कारण आहे. त्या आठवणी छापल्या गेल्या २०१४ मध्ये. कादंबरीत सरकार खलनायक झाले आणि थकलेले हप्ते गळाले.

पिठाची दोन पिंपे

१८७३ मध्ये चार्ल्सने पेपिनची जमीन पुन्हा विकली आणि १८७४ मध्ये मिनेसोटातल्या वॉलनट ग्रोव्हजवळ प्लम क्रीकच्या काठी नवी धरली. १८७३ ते १८७७ ही त्या प्रदेशातली टोळधाडीची वर्षे. उभा गहू टोळांनी खाल्ला आणि जमिनीत अंडी घातली, म्हणजे पुढच्या वर्षाचीही सोय करून ठेवली. चार्ल्स मजुरी शोधत शेकडो मैल पायी पूर्वेकडे गेला. हे सारे पुस्तकात आहे, आणि अतिशय जिवंत आहे.

पुस्तकात जे नाही ते एका कागदावर आहे. ३० नोव्हेंबर १८७५ रोजी चार्ल्सने सरकारी अधिकाऱ्यापुढे प्रतिज्ञापत्रावर सही केली, की आपल्याजवळ निर्वाहाचे कसलेही साधन उरलेले नाही. त्या सहीच्या बदल्यात त्याला पिठाची दोन अर्धी पिंपे मिळाली, किंमत सव्वापाच डॉलर. घरात तेव्हा महिन्याचे मूल होते. १ नोव्हेंबरला जन्मलेला चार्ल्स फ्रेडरिक, घराण्याचा एकुलता मुलगा. पुढच्या वर्षी जुलैत जमीन विकून कुटुंब पीटर काकांकडे पूर्व मिनेसोटात गेले आणि तिथे २७ ऑगस्ट १८७६ रोजी तो मुलगा नऊ महिन्यांचा होऊन गेला. त्याची कबर कोणाला सापडलेली नाही आणि आठही पुस्तकांत त्याचे नाव नाही. त्यानंतरचे आयोवातल्या बर ओकचे वर्षही नाही. तिथे हे कुटुंब खाणावळीत राबले, धाकटी ग्रेस तिथेच जन्मली आणि घरमालकाचे देणे चुकवून सगळे रात्रीच्या अंधारात गाव सोडून गेले.

१८७९ मध्ये मेरीची दृष्टी गेली. त्याच वर्षी बहीण डोशिया हिच्या नवऱ्याने रेल्वेच्या कामावर हिशेबनीसाची नोकरी देऊ केली म्हणून चार्ल्स डाकोटात गेला. पुन्हा सोयरिकीच्या वाटेने. फेब्रुवारी १८८० मध्ये ब्रुकिंग्जच्या जमीन कचेरीत त्याने डी स्मेटजवळचा तुकडा नावावर लावला. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षे राहून, कसून दाखवली की १६० एकरांपर्यंतची सरकारी जमीन नाममात्र फी भरून मिळत असे. मेरी १८८१ पासून आयोवातल्या व्हिंटनच्या अंधशाळेत शिकली. तिची फी डाकोटाच्या प्रादेशिक सरकारने भरली. १८८६ मध्ये दोन साक्षीदार उभे करून चार्ल्सने जमीन पक्की केली. पन्नाशीला टेकलेल्या या माणसाला मायबाप सरकारकडून मिळालेली ही पहिलीच जमीन, जी कर्जाने किंवा टोळांनी त्याच्याकडून हिरावली नाही. पण तो ती फार काळ कसू शकला नाही. १८८७ मध्ये तो गावात घर बांधून राहायला गेला आणि १८९२ मध्ये त्याने ती विकून टाकली. सुतारकी, छोटी-मोठी कामे करत ८ जून १९०२ रोजी तो डी स्मेटला वारला.

या कागदांत मला चार्ल्स लहान झालेला दिसत नाही. महिन्याच्या मुलासाठी, भुकेल्या मुलींसाठी प्रतिज्ञापत्रावर सही करणारा बाप हा सारंगी वाजवणाऱ्या पाइतकाच मोठा आहे. ती सही लपवावी असे कोणाला वाटले, आणि का, हा प्रश्न मात्र उरतो. पुस्तके लिहिली गेली ती १९३० च्या मंदीत. रूझवेल्ट सरकार शेतकऱ्यांना, बेकारांना मदत देत होते आणि लॉरा व तिच्या हस्तलिखितांवर संस्कार करणारी रोझ या दोघींना ते धोरण अजिबात पसंत नव्हते. आमच्या वडिलांनी कोणाकडे काही मागितले नाही, हे त्यांना सांगायचे होते. ज्या राष्ट्राध्यक्षाचा त्या राग करत तो डेलानो रक्ताचा त्यांचा लांबचा भाऊबंद होता, आणि ज्या वडिलांचे उदाहरण त्या देत होत्या त्यांची पिठासाठीची सही मिनेसोटाच्या दप्तरात होती.

दोन याद्या

चार्ल्सच्या वंशाचे पुढे काय झाले? मेरीचे लग्न झाले नाही. कॅरी आणि ग्रेस यांना मूल झाले नाही. लॉराला एक मुलगी, रोझ वाइल्डर लेन. तिचे मूल जगले नाही. १९६८ मध्ये रोझ गेली आणि चार्ल्स इंगल्सचा थेट वंश संपला. लिंकनशायरहून निघालेली ही शाखा सव्वातीनशेहून अधिक वर्षांनी थांबली. उरली ती पुस्तके, आणि मिसुरीतल्या मॅन्सफील्डच्या संग्रहालयात ठेवलेली सारंगी.

ओसेज लोक कॅन्सस सोडून गेले ते इंडियन टेरिटरीत. आपल्या जमिनीच्या पैशातून त्यांनी १८७२ मध्ये चेरोकींकडून नवी भूमी विकत घेतली. खडकाळ म्हणून कोणी तिच्याकडे पाहिले नव्हते. नंतर तिच्या पोटात तेल निघाले. १९०६ च्या कायद्याने जमीन व्यक्तींना वाटली गेली, पण खनिजावरचा हक्क सर्वांचा सामाईक राहिला आणि त्यासाठी २,२२९ नावांची यादी पक्की करण्यात आली. त्या यादीतल्या हिश्शांपायी १९२० च्या दशकात ओसेज माणसांचे खून पाडले गेले. वारसाहक्काने हिस्सा मिळावा म्हणून काही गोऱ्यांनी ओसेज घराण्यांत लग्ने लावली आणि मग माणसे मारली. तरीही ती यादी टिकली. आज ओसेज राष्ट्राचा सदस्य व्हायचे तर १९०६ च्या त्या यादीतल्या कोणाचे तरी आपण थेट वंशज आहोत हे दाखवावे लागते.

म्हणजे रटलँडच्या त्या जमिनीवरून दोन घराण्यांचे कागद निघाले. एका घराण्याची कहाणी जगभर पसरली आणि वंश संपला. दुसऱ्यांची कहाणी जगाने फारशी ऐकली नाही, पण त्यांची मुले-नातवंडे आजही आपली वंशावळ त्या यादीपर्यंत नेऊन भिडवतात. लॉराच्या १९३५ च्या पुस्तकात एके ठिकाणी त्या प्रदेशात माणसेच नव्हती अशा अर्थाचे वाक्य होते. एका वाचकाने ते दाखवून दिल्यावर १९५३ च्या आवृत्तीत ‘माणसे’ हा शब्द काढून तिथे ‘वसाहतकार’ हा शब्द घातला गेला. लॉरानेही ती चूक मान्य केली होती.

आपल्याकडे सात-बारा वाचणाऱ्याला ठाऊक असते, की कब्जेदाराच्या नावाइतकेच इतर हक्कांच्या रकान्यातही बरेच काही दडलेले असते. वंशावळीचेही तसेच आहे. आजोबा-पणजोबांची नावे एकाखाली एक लिहून झाली की काम संपले असे आपल्याला वाटते. पण ते कोणाच्या आधाराने उभे राहिले, कोणत्या सरकारी कागदावर तगले आणि कोणाच्या जमिनीवर राहिले, हे लिहिल्याशिवाय घराण्याचा इतिहास म्हणजे नुसती नामावळी. रटलँडच्या त्या मोजणीदाराने घाईगर्दीत, सरकारी कामाचा भाग म्हणून का होईना, तेवढे लिहून ठेवले.